एदो ते टोकियो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोला फिरायला जाणारे, नोकरीसाठी तिथे राहणारे आणि घरबसल्या जपानबद्दल वाचणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधी सोपे प्रश्न आहेत, मग किचकट. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. या शहरात जुन्या इमारती शोधत हिंडलात तर हाती फार थोडं लागेल. पण चढ-उतार, खंदक, पाण्याच्या वाटा आणि जागांची नावं यांच्याकडे लक्ष दिलंत, तर चारशे वर्षांपूर्वीचं गाव आजही जागच्या जागी आहे.

१. एदो आणि टोकियो ही एकच जागा का? नाव कधी बदललं?

हो, एकच. 'ए' म्हणजे जमिनीत शिरलेली खाडी आणि 'दो' म्हणजे दार. एदो म्हणजे खाडीचं तोंड. १४५७ साली ओता दोकान या सरदाराने इथे किल्ला बांधला. १५९० मध्ये तोकुगावा इयेयासू इथे आला, १६०३ मध्ये तो शोगुन, म्हणजे सम्राटांच्या नावाने राज्य चालवणारा लष्करी प्रमुख, झाला आणि पुढची अडीचशेहून जास्त वर्षं देशाचा कारभार एदोतून चालला. सम्राट मात्र या सगळ्या काळात क्योतोतच होते. शोगुनशाही कोसळल्यावर ३ सप्टेंबर १८६८ रोजी सम्राटांच्या आज्ञेने एदोचं 'टोकियो' झालं, म्हणजे पूर्वेची राजधानी. राजधानी नेमकी कधी हलली हा वेगळा आणि गुंत्याचा प्रश्न आहे. त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

२. टोकियो लिहायचं की तोक्यो?

जपानी उच्चार 'तोऽक्योऽ' असा आहे: त दंत्य, दोन्ही ओकार लांब आणि 'क्यो' हे एकच जोडाक्षर. 'टोकियो' हे रूप इंग्रजीवरून आलं आणि वर्तमानपत्रांतून मराठीत रुळलं, म्हणून तेच इथे ठेवलं आहे. बाकीची नावं जपानी उच्चाराला धरून लिहिली आहेत. तिथे बोलताना मात्र 'टो-कि-यो' असे तीन तुकडे पाडू नका.

३. इयेयासू आला तेव्हा इथे फक्त कोळ्यांचं खेडं होतं, हे खरं आहे का?

पूर्ण खरं नाही. तोकुगावांनी शून्यातून शहर उभं केलं, हे ठसवायला ते चित्र सोयीचं होतं. ओता दोकानच्या काळापासून किल्ल्याच्या पायथ्याशी वस्ती आणि बंदर होतं. आसाकुसाचं सेन्सो-जी हे देऊळ तर परंपरेनुसार इ. स. ६२८ चं आहे. सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोघा भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, मूर्ती आली अशी त्याची कथा आहे.

इयेयासूने ही जागा आपखुशीने निवडली, हेही अर्धंच खरं. १५९० मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने ओदावाराच्या होजो घराण्याला हरवलं, इयेयासूचा वडिलोपार्जित मुलूख काढून घेतला आणि बदल्यात त्याला कान्तोचे, म्हणजे एदोभोवतालचे, प्रांत दिले. त्या मुलखातलं तयार शहर ओदावारा सोडून त्याने एदोत ठाणं मांडलं, हा निर्णय मात्र त्याचा. मागे मोठं सपाट मैदान, समोर खाडी आणि माल आणायला नद्या होत्या.

तेव्हा हिबियाची खाडी थेट किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत येत होती. कान्दाचा डोंगर कापून त्याच्या मातीने ती बुजवली. आजचा हिबिया पार्क आणि मारुनोउचीचा बराचसा भाग त्या खाडीवर उभा आहे. भरावाची जमीन भूकंपात जास्त हादरते, आणि १८५५ च्या भूकंपात याच पट्ट्यातले सरदारांचे वाडे वाईट रीतीने कोसळले.

४. एदोचा किल्ला कुठे आहे? ओसाका किंवा हिमेजीसारखा मुख्य मनोरा का दिसत नाही?

आजचा सम्राटांचा राजवाडा म्हणजे एदोच्या किल्ल्याचाच आतला भाग. मुख्य मनोरा १६३८ मध्ये पुन्हा उभारला होता. इमारतच सुमारे ४५ मीटर उंच होती. १६५७ च्या आगीत (प्रश्न ५) तो जळाला. त्याचा दगडी चौथरा माएदा घराण्याने लगेच, १६५८ मध्ये, नव्याने बांधला. पण वरची इमारत झालीच नाही. शोगुनचा काका होशिना मासायुकी याचं म्हणणं असं की लढाया संपल्या आहेत आणि मनोरा फक्त लांबवर बघायच्या कामाचा. पैसा जळालेल्या शहराला लागतो. ते मान्य झालं. तेव्हापासून आजपर्यंत चौथरा रिकामाच आहे. जपानच्या इतिहासातल्या शहाण्या निर्णयांत याची गणना व्हावी.

हा चौथरा पूर्व बागेत आहे आणि त्यावर चढता येतं. तो सुमारे ४५ मीटर लांब, ४१ मीटर रुंद आणि ११ मीटर उंच आहे. वर चढण्याआधी कोपऱ्यातले दगड जवळून बघा. काही काळवंडलेले आहेत आणि त्यांचे पापुद्रे सुटले आहेत. ती १८६३ च्या आगीची खूण आहे, १६५७ ची नव्हे; तिथे हटकून गल्लत होते.

५. एदोत सारख्या आगी का लागायच्या, आणि त्या विझवायचे कशा?

लाकडाची घरं, कागदाची सरकती दारं, घरात कोळशाची शेगडी आणि तेलाचा दिवा. त्यात हिवाळ्यात वायव्येकडून सुटणारा कोरडा वारा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात असावी. १७२१ च्या मोजणीत नुसते व्यापारी-कारागीर पाच लाख भरले. सामुराई त्यात धरलेच नव्हते. एवढी माणसं दाटीने राहत असताना एक ठिणगी पुरे व्हायची.

सगळ्यांत भयंकर आग २ ते ४ मार्च १६५७ ची. तिला मेइरेकी आग म्हणतात. निम्म्याहून जास्त शहर जळालं. मृतांचा आकडा एक लाख सांगायची पद्धत आहे. बेवारस मृतांसाठी त्याच वर्षी र्‍योगोकूला एको-इन हे देऊळ उभं राहिलं, आणि सुमिदा ओलांडून पळता न आल्याने माणसं मेली म्हणून पुढे तिथे पूल बांधला. या आगीला 'फुरिसोदेची आग' असंही नाव आहे. एक लांब बाह्यांचा किमोनो एकीमागून एक तीन मुलींकडे गेला, तिघी वारल्या, देवळात तो जाळायला घेतला तेव्हा पेटता किमोनो वाऱ्याने उडून छपरावर गेला, अशी कथा आहे. ती मागाहून रचलेली आहे, पण लोकांच्या मनात आगीचं कारण म्हणून तीच राहिली.

आता विझवण्याबद्दल. पाण्याचा उपयोग फारच मर्यादित होता. खरी पद्धत म्हणजे वारा कुठे वाहतोय ते बघून आगीच्या पुढची घरं पाडायची, म्हणजे तिला खायला काही उरत नाही. त्यासाठी 'तोबिगुची' नावाची लांब दांड्याची, पक्ष्याच्या चोचीसारखी आकडी, शिड्या आणि करवती लागत. म्हणूनच या पथकांत सुतार आणि उंचावर काम करणारे बांधकाम मजूर असत. घर बांधणाऱ्यालाच ते चटकन कसं पाडायचं ते कळतं.

१७२० मध्ये शहर न्यायाधीश ओओका तादासुके याने नागरिकांची पथकं आखली. सुमिदाच्या पश्चिमेला ४७ पथकं होती, पुढे ती ४८ झाली. त्यांना 'इ-रो-हा' या अक्षरमालेतली अक्षरं दिली. तीन अक्षरं मात्र वगळली: 'हि' म्हणजे आग, 'हे' म्हणजे पाद आणि 'रा' बोलीत अश्लील. त्याऐवजी दहा हजार, शंभर आणि हजार या आकड्यांची चिन्हं दिली.

प्रत्येक पथकाचा 'मातोई' असे: काठीवर बसवलेला ठसठशीत आकार आणि खाली झुलणाऱ्या पट्ट्या. तो घेऊन एक माणूस जळत्या भागालगतच्या छपरावर उभा राही. आग इथेच अडवायची, इथून मागे हटायचं नाही, असा त्याचा अर्थ. अंगात जाड गोधडीसारखी शिवलेली सुती बंडी असे, ती पाण्यात भिजवून घालत. बंडीची बाहेरची बाजू साधी असे, आत अस्तरावर ड्रॅगन किंवा वीरपुरुष रंगवलेला. आग आटोक्यात आली की बंडी उलटी करून, चित्र बाहेर काढून पथक मिरवत परत येई.

'आग आणि भांडणं ही एदोची फुलं' ही म्हण या दिमाखातून आली. एकाच आगीवर पोचलेली दोन पथकं मानासाठी आपसांत भिडत, म्हणून दोन्ही शब्द एकत्र.

६. आकिहाबारा या नावाचा आगीशी संबंध आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे. मोठ्या आगींनंतर शहरात मुद्दाम मोकळ्या जागा आणि रुंद रस्ते ठेवले जात. उएनो-हिरोकोजी या नावातला 'हिरोकोजी' म्हणजे असाच रुंद रस्ता. १८६९ च्या आगीनंतर कान्दाच्या कडेला असंच एक मैदान राखलं आणि तिथे आगीपासून रक्षण करणारं देवस्थान बसवलं. आगीचा देव म्हणजे आकिबा, अशी लोकांची समजूत होती, म्हणून ते मैदान 'आकिबाचं माळरान' झालं. पुढे रेल्वे स्थानकाला नाव देताना 'आकिहाबारा' असा उच्चार पक्का झाला. आजची तरुण पिढी त्या भागाला 'आकिबा' म्हणते, म्हणजे नकळत जुन्याच उच्चारावर आली आहे.

७. यामानोते आणि शितामाची म्हणजे काय? आज त्याचा काही उपयोग आहे का?

यामानोते म्हणजे पश्चिमेचा चढाचा, पठाराचा भाग. शितामाची म्हणजे पूर्वेचा सखल, कालव्यांचा भाग. पठारावर सामुराई आणि सरदार, खाली व्यापारी आणि कारागीर. सुमारे सत्तर टक्के जमीन सामुराईंकडे, उरलेली देवळं आणि सामान्य नागरिक यांच्यात जवळपास निम्मी-निम्मी. म्हणजे पाच लाख माणसं शहराच्या जेमतेम सहाव्या हिश्श्यात राहत होती.

सामुराईंकडे इतकी जमीन का? १६३५ पासून प्रत्येक सरदाराला साधारण एक वर्ष एदोत आणि एक वर्ष आपल्या मुलखात राहणं बंधनकारक झालं. बायको आणि वारस कायम एदोत, एक प्रकारे ओलीस. त्यामुळे प्रत्येक घराण्याचे एदोत दोन-तीन वाडे असत. याचा उपयोग आजही दिसतो. टोकियो विद्यापीठाचा होंगोचा परिसर म्हणजे कागाच्या माएदांचा वाडा, शिंजुकु ग्योएन बाग म्हणजे नाइतो घराण्याची जागा, आकासाकाचा अतिथी प्रासाद म्हणजे किशूच्या तोकुगावांची. इतक्या दाट शहरात मध्येच प्रचंड बाग किंवा विद्यापीठ लागलं, की तिथे पूर्वी कोणाचा वाडा होता हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा मिळतं.

८. सामान्य माणूस कसा राहायचा?

'नागाया'त. मुंबईची चाळ माहीत असलेल्याला हे पटकन कळेल: एका ओळीत खोल्या, मध्ये अरुंद गल्ली, सामाईक विहीर, सामाईक संडास. नेहमीची खोली ९ शाकु रुंद आणि २ केन खोल, म्हणजे २.७ बाय ३.६ मीटर. त्यात दाराशी चूल आणि पाण्याचं भांडं, उरलेल्या साडेचार तातामींवर (जमिनीवर अंथरायच्या गवती चटयांवर) सगळं कुटुंब. कपाट नसे, गादी घडी करून कोपऱ्यात, पुढे एक छोटा पडदा.

संडासातला मैला फुकट जात नसे. आसपासचे शेतकरी तो खतासाठी विकत घेत. मोबदला रोख किंवा भाजीपाल्यात मिळे आणि तो चाळीची व्यवस्था पाहणाऱ्या 'ओओया'चा हक्काचा असे. मोठ्या वाड्यातल्या मैल्याला जास्त भाव होता, कारण तिथलं खाणंपिणं चांगलं. पूर्वेकडे हा माल होड्यांतून जाई आणि त्या होड्यांना 'कासाइच्या होड्या' म्हणत. आज ज्या निशी-कासाइत अनेक मराठी कुटुंबं राहतात, ते नाव त्याच कासाइ भागाचं आहे. त्या शेतीतून आलेली 'कोमात्सुना' ही पालेभाजी अजूनही तिथल्या बाजारात जुडीने मिळते.

९. दहा लाख माणसांना पाणी कुठून मिळायचं?

खाडीकाठची विहीर खणली की खारट पाणी लागे, म्हणून नदीचं पाणी आणावं लागलं. आधी कान्दाचा कालवा आणि मग १६५३ मध्ये तामागावा कालवा. हामुरापासून योत्सुयापर्यंत सुमारे ४३ किलोमीटर अंतर आणि सगळा मिळून उतार फक्त ९२ मीटर, म्हणजे किलोमीटरमागे दोन मीटरच्या आसपास. जरा चूक झाली तर पाणी तुंबणार. योत्सुयाच्या पुढे पाणी जमिनीखालच्या लाकडी आणि दगडी नळांतून शहरभर जाई.

इथे बहुतेकांची फसगत होते: नागायातली विहीर ही विहीर नव्हतीच. ते नळाला जोडलेलं, जमिनीत पुरलेलं पिंप होतं. नळ उथळ असल्याने बांबूच्या टोकाला बादली बांधून पाणी काढता येई. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, सगळ्या चाळीने मिळून तिचा गाळ काढायचा असा रिवाज होता. सुमिदाच्या पूर्वेला पाणी होड्यांतून विकत घ्यावं लागे. हामुराच्या बंधाऱ्यातून आजही टोकियोसाठी पाणी घेतलं जातं.

१०. 'एदोचं दुखणं' म्हणजे कोणता आजार?

बेरीबेरी. गावाकडून आलेला सामुराई काही महिन्यांत पाय सुजून, हातपाय बधिर होऊन आजारी पडे आणि गावी परतला की बरा होई. म्हणून नाव पडलं 'एदो वाझुराई'. कारण ताटात होतं. गावी हातसडीचा तांदूळ, नाचणीसारखी भरड धान्यं. एदोत मात्र पांढरा शुभ्र, कोंडा काढलेला भात, भरपूर भात आणि तोंडी लावायला अगदी थोडं. ब१ जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जाई. चौदावा शोगुन इएमोची १८६६ मध्ये वयाच्या विशीत याच आजाराने गेला असं मानतात. १९१० मध्ये सुझुकी उमेतारो यांनी कोंड्यातूनच तो औषधी घटक वेगळा काढला.

११. 'एदोक्को' कोणाला म्हणायचं?

रूढ अट अशी की तीन पिढ्या एदोतच जन्मलेल्या हव्यात, आणि त्याही शितामाचीत. 'जन्मल्यावरचं पहिलं स्नान नळाच्या पाण्याने' (प्रश्न ९) हा त्यांचा अभिमान. 'आजचा पैसा उद्यावर ठेवायचा नाही' हे ब्रीद उधळेपणाचं वाटतं, पण त्यामागे हिशेब होता: साठवलेलं सगळं एका रात्रीत जळू शकतं, आणि आगीनंतर सुताराला, गवंड्याला काम हमखास मिळतं. बोलीची खूण म्हणजे 'हि'च्या जागी 'शि': 'हिगाशी' म्हणजे पूर्व, त्याचं 'शिगाशी'.

१२. राजधानी क्योतोहून टोकियोला कोणत्या कायद्याने हलवली?

कोणत्याच नाही. 'क्योतो आता राजधानी राहिली नाही' असा हुकूम कधी निघाला नाही. सम्राट मेइजी १८६८ मध्ये टोकियोला आले, क्योतोला परतले, १८६९ मध्ये पुन्हा टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. क्योतोचे लोक बिथरू नयेत म्हणून हे असं हळूहळू झालं. नव्या सरकारातल्या ओकुबो तोशिमिचीचा आधीचा प्रस्ताव तर ओसाकाचा होता. एदोच्या बाजूने माएजिमा हिसोकाने मांडलेला मुद्दा व्यवहारी होता: ओसाका व्यापारावर जगेल, एदो मात्र राजधानी नसेल तर ओसाड पडेल, शिवाय सरदारांचे रिकामे वाडे (प्रश्न ७) कचेऱ्यांसाठी तयार आहेत.

एक अपवाद लक्षात ठेवा. राजधानी टोकियोत येऊनही १९१५ आणि १९२८ चे राज्याभिषेक क्योतोतच झाले, कारण तेव्हाच्या राजघराण्याच्या कायद्यात तसं लिहिलं होतं.

१३. रस्त्यांना नावंच नाहीत, मग पत्ता कसा शोधायचा?

पत्ता रस्त्याचा नसतो, ठोकळ्याचा असतो. क्रम मोठ्याकडून लहानाकडे: वॉर्ड, मोहल्ला, मग तीन आकडे. पहिला 'चोमे', म्हणजे मोहल्ल्याचा भाग, दुसरा ठोकळ्याचा, तिसरा इमारतीचा. १९६२ च्या कायद्याने ही पद्धत बसवली. ठोकळ्याची कड साधारण दहा-पंधरा मीटरच्या तुकड्यांत मोजतात, आकडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चढत जातात, आणि ज्या तुकड्यात घराचं दार उघडतं तो त्याचा आकडा. एकाच तुकड्यात दोन दारं असली तर दोन्ही घरांचा आकडा एकच येतो. पार्सल शेजारी जातं ते यामुळे, म्हणून दारावर आडनावाची पाटी हवीच.

सगळीकडे ही नवी पद्धत नाही. कान्दा आणि उशिगोमे भागात जुनी छोटी नावं टिकली आहेत, आणि तिथे आकडे जमिनीच्या जुन्या नोंदीप्रमाणे उड्या मारतात. या नावांत इतिहास साठलेला आहे: 'कोन्या-चो' म्हणजे रंगाऱ्यांची आळी, 'काजी-चो' म्हणजे लोहारांची. नव्या पद्धतीच्या नावाखाली इतर ठिकाणी अशी शेकडो नावं पुसली गेली, ही खरी हानी आहे.

१४. १९२३ आणि १९४५ मध्ये नेमकं काय झालं? त्याची आठवण कुठे जपली आहे?

१ सप्टेंबर १९२३, सकाळी ११ वाजून ५८ मिनिटं, ७.९ तीव्रतेचा भूकंप. दुपारच्या जेवणाची वेळ, घरोघर चुली पेटलेल्या. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ५ हजार, त्यांतले बहुतेक आगीत गेले. होंजोमधल्या सैन्याच्या कपड्यांच्या कारखान्याच्या मोकळ्या मैदानात लोक सामानसुमान घेऊन शिरले. सामानाला आग लागली, आगीचं वादळ उठलं आणि त्या एका मैदानात सुमारे ३८ हजार माणसं गेली. पुढच्या दिवसांत अफवांवरून कोरियन लोकांची कत्तल झाली. ही बाब गाळून त्या भूकंपाबद्दल बोलणं अप्रामाणिक ठरेल.

१० मार्च १९४५ रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे २८० बी-२९ विमानांनी त्याच पूर्व भागावर आगीचे बॉम्ब टाकले. सुमारे ४१ चौरस किलोमीटर भाग जळाला, एका रात्रीत एक लाखाच्या आसपास माणसं मेली.

तोच होंजोचा कारखाना म्हणजे आजचा र्‍योगोकू स्थानकाजवळचा योकोआमिचो पार्क. तिथल्या स्मारक सभागृहात दोन्ही संकटांतल्या मिळून सुमारे १ लाख ६३ हजार जणांच्या अस्थी आहेत. १० मार्च आणि १ सप्टेंबरला तिथे प्रार्थना होते. कोरियन बळींचा शिलालेखही त्याच पार्कात आहे. सभागृह बघून परत फिरू नका, तिथवर जा.

१५. टोकियोच्या कल्पनाविश्वात शहर सारखं उद्ध्वस्त का होतं?

कारण ते खरोखर होत आलं आहे (प्रश्न ५ आणि १४). त्या अनुभवाला चित्ररूप देण्याची परंपरा जुनी आहे. जमिनीखाली 'नामाझू' नावाचा प्रचंड, मिशाळ मासा आहे, आपल्याकडच्या मागुरासारखा. काशिमाचा देव त्याचं डोकं शिळेने दाबून धरतो, पकड सुटली की भूकंप. ११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एदो हादरलं तेव्हा जुन्या पंचांगाचा दहावा महिना होता. त्या महिन्यात सगळे देव इझुमोला जमतात, म्हणजे काशिमाचा देव कामावर नव्हता, असा अर्थ लोकांनी लावला.

पुढच्या काही आठवड्यांत या माशाची शेकडो रंगीत छापचित्रं विकली गेली, सगळी विनापरवाना. काहींत लोक माशाला बडवताहेत. पण त्या गर्दीत सुतार आणि गवंडी कुठे आहेत ते शोधा: ते माशाला मेजवानी देताहेत, कारण त्यांना काम मिळालं. श्रीमंताच्या तिजोरीतला पैसा हलवून जग सारखं करणारा मासा, अशी ती कल्पना होती. शासनाने दोनेक महिन्यांत ही चित्रं बंद पाडली.

१९५४ साली पडद्यावर आलेला गोजिरा, म्हणजे आपला 'गॉडझिला', याच वाटेने येतो. गिन्झाचा घड्याळाचा मनोरा तो मोडतो. तो खरा मनोरा १९३२ चा, आणि बॉम्बवर्षावातून वाचलेला. गोजिरा आला त्याच वर्षी, म्हणजे १९५४ च्या मार्चमध्ये, अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख अंगावर पडलेली मासेमारी बोट आज टोकियोच्या युमेनोशिमा बेटावर जपून ठेवली आहे.

१६. ओतेमाचीच्या ऑफिसांमध्ये असलेलं मुंडक्याचं स्मारक खरंच कोणी हलवत नाही का?

नाही. इ. स. ९४० मध्ये बंड करून मारला गेलेला ताइरा नो मासाकादो, त्याचं मस्तक क्योतोहून उडत इथे पडलं अशी आख्यायिका. १९२३ नंतर अर्थमंत्रालयाने तिथे तात्पुरती इमारत उभारली, त्यानंतर मंत्र्यांसह काही अधिकारी दगावले आणि जागा पुन्हा मोकळी केली. बंडखोर असूनही तो कान्दा म्योजिन देवस्थानात पुजला जातो. एदोने क्योतोच्या शत्रूला आपला रक्षक मानलं. कान्दाचा मोठा उत्सव विषम वर्षी मेमध्ये असतो.

१७. टोकियोत गणपतीचं देऊळ आहे असं ऐकलं. कुठे? दर्शन मिळतं का?

आसाकुसाच्या ईशान्येला, सुमिदाकाठच्या टेकाडावर, मात्सुचियामा शोदेन. तिथला देव 'कांगितेन' किंवा 'शोतेन', म्हणजे बौद्ध तंत्रमार्गाने जपानला गेलेला विनायक. पण आपल्या घरचा गणपती समोर ठेवून जाल तर गोंधळ होईल. कांगितेन बहुधा हत्तीच्या तोंडाच्या दोन आकृतींनी परस्परांना मिठी मारलेल्या रूपात असतो, आणि मूर्ती गुप्त असते. ती बघायला मिळत नाही. इथे नैवेद्य मुळ्याचा. पांढरा दाइकोन मुळा देवळातच विकत घेऊन अर्पण करायचा. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव होतो. भिंतींवर, पायऱ्यांवर दोन खुणा सगळीकडे दिसतील: एकमेकांत गुंफलेले दोन मुळे आणि तोंड आवळलेला पैशांचा बटवा. तो बटवा नीट बघा, मुरड घातलेला मोदकच वाटतो.

इतरही ओळखीचे आहेत. उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या बेटावर बेन्झाइतेन, म्हणजे सरस्वती, हातात वीणेच्या जागी बिवा. शिबामाताचा ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. कागुराझाकाचा बिशामोन्तेन म्हणजे वैश्रवण कुबेर. आणि त्सुकिजी होंगान-जी हे देऊळ चुकवू नका. १६५७ च्या आगीत जळल्यावर ते भरावाच्या जमिनीवर हलवलं; 'त्सुकिजी' म्हणजेच भरावाची जमीन. १९२३ मध्ये ते पुन्हा जळालं. १९३४ ची आजची वास्तू इतो चूता यांची. ते स्वतः भारतात हिंडून गेले होते, आणि दर्शनी भागावरची कमान पाहिली की अजिंठ्याच्या चैत्यगवाक्षाची आठवण मराठी माणसाला लगेच होते.

१८. एकच दिवस हाताशी आहे. काय बघू?

मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडा. राजवाड्याची पूर्व बाग एरवी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. दिवस फुकट जाण्याचं हे पहिलं कारण. सकाळी ओतेमोन दारातून आत, शंभर पहारेकऱ्यांची चौकी, मग मनोऱ्याचा चौथरा. प्रवेश फुकट आहे. परत ओतेमोननेच बाहेर पडलात तर मासाकादोचं स्मारक (प्रश्न १६) पाच मिनिटांवर.

तिथून निहोनबाशीपर्यंत चाला. पहिला पूल १६०३ चा, आजचा दगडी १९११ चा. देशाचे रस्ते इथून मोजतात. शून्याची खरी खूण पुलाच्या मधोमध, रहदारीत आहे. तिच्यामागे धावू नका, वायव्य काठावर प्रतिकृती ठेवली आहे. पुलाच्या डोक्यावरून १९६३ मध्ये बांधलेला उड्डाणमार्ग जातो, त्यामुळे छायाचित्रातलं आभाळ मिळणार नाही. तो मार्ग भूमिगत करण्याचं काम सुरू आहे.

मग गिन्झा मार्गाच्या मेट्रोने आसाकुसा. सेन्सो-जीची मुख्य वास्तू १९५८ ची आणि समोरचा कामिनारिमोन दरवाजा १९६० चा, काँक्रीटचा आहे, हे माहीत असू द्या. तिथून चालत मात्सुचियामा, आणि वेळ उरला तर र्‍योगोकूचा पार्क (प्रश्न १४). नागाया आतून बघायची असेल तर फुकागावा एदो संग्रहालयात एका आळीची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. बूट काढून खोलीत बसता येतं.

१९. टोकियो 'शहर' आहे का? महापौर कोण असतो?

काटेकोरपणे बघितलं तर टोकियो शहर १९४३ मध्येच बरखास्त झालं. त्याआधी १८८९ पासून टोकियो नगरपालिका होती. आज आहे तो टोकियो महानगर प्रांत. त्याचा राज्यपाल निवडून येतो, महापौर नाही. त्यात २३ वॉर्ड आणि त्यांच्या पश्चिमेला स्वतंत्र नगरपालिकांची शहरं, शिवाय डोंगर आणि बेटं. २३ वॉर्डांना मात्र आपापले निवडून आलेले प्रमुख आहेत. सुमारे १००० किलोमीटर दक्षिणेचं ओगासावारा बेटही टोकियोतच मोडतं. तिथे जायला बोटीने चोवीस तास लागतात आणि तिथल्या गाड्यांवर 'शिनागावा' अशी पाटी असते. उलट नारिता विमानतळ आणि टोकियो डिस्नेलँड शेजारच्या चिबा प्रांतात आहेत.

२०. एकाच घटनेच्या दोन-दोन तारखा का सापडतात? कोणती धरायची?

१८७२ संपेपर्यंत जपानमध्ये चांद्र-सौर पंचांग होतं. १ जानेवारी १८७३ पासून आजची दिनदर्शिका आली. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद माहीत असलेल्याला अडचण समजावून सांगायला नको. जुनी तारीख साधारण महिना-दीड महिना मागे असते, आणि वर्षाअखेरीस तर सालही बदलतं.

सगळ्यांत फसवं उदाहरण ४७ रोनिनचं, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंचं. आपल्या धन्याचा सूड घ्यायला ते होंजोतल्या किरा याच्या वाड्यात शिरले ती तारीख गेनरोकू १५ (गेनरोकू या कालखंडाचं पंधरावं वर्ष), बारावा महिना, १४ वा दिवस. गेनरोकू १५ म्हणजे १७०२ असं गणित करून 'डिसेंबर १७०२' लिहिलं जातं. पण आपल्या दिनदर्शिकेने ती ३० जानेवारी १७०३ ची रात्र आहे. म्हणून चित्रांत आणि नाटकांत बर्फ दिसतो तो हंगामाला धरून आहे. सेन्गाकु-जीत, जिथे त्यांच्या समाध्या आहेत, उत्सव मात्र १४ डिसेंबरलाच होतो: महिना आणि दिवस जुनाच ठेवला, फक्त नव्या दिनदर्शिकेत उचलून मांडला.

या लेखात १८७३ च्या आधीच्या, महिना-दिवसासह दिलेल्या तारखा आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे आहेत. जिथे जुनी तिथी आहे तिथे 'सातवा महिना', 'बारावा महिना' असं लिहिलं आहे. जपानी पाटीवर १८७३ च्या आधीचा 'तिसरा महिना' दिसला, तर त्याचं 'मार्च' करू नका.